पडीक जागेवरची चढाई

आमच्या मागच्या पडवीची शेवटची पायरी उतरली की मैदान लागायचं. मधे कुंपण नाही, बांध नाही, फक्त भांडी घासायचा एक दगड. त्या दगडापाशी आई बसली की पाठीमागं काय चाललंय हे तिला मान न वळवता कळायचं. कोण चढाईला गेलं, कोण पकडलं गेलं, कुणाच्या परकराची शिवण उसवली, सगळं. म्हणूनच मला खेळायची परवानगी होती. हेच मैदान गावात दुसरीकडे कुठं असतं, अगदी देवळापुढं असतं, तरी चौदा वर्षांची मुलगी तिथं मांड्या थोपटत उभी राहिलेली आमच्या घराला चालली नसती. घराच्या नजरेतलं ते एकच मैदान होतं आणि माझा सगळा खेळ त्या नजरेच्या आतला होता. एवढं सोडून पुढच्या मजकुरातला निम्मा भाग वजा करून वाचावा. कुठला निम्मा, ते मी सांगणार नाही.

गावाचं नावही सांगणार नाही. सांगितलं तर अर्धी भावकी बदनामी केली म्हणून भांडायला येईल आणि उरलेली अर्धी आपलं नाव का नाही घेतलं म्हणून. महाडहून पोलादपूरला निघालात की मधे एक बाजारपेठ लागायची. एसटी तिथं थांबली म्हणेपर्यंत सुटलेली असायची. तेच आमचं गाव. मैदानाच्या एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला तात्यांची लाकडाची वखार, तिसरीकडे ओढा आणि चौथीकडे आमची घरं. दिवसभर ट्रकचे भोंगे, वखारीतल्या करवतीची किरकिर आणि पिठाच्या गिरणीचं पुक् पुक् असे तीन आवाज एकमेकांशी भांडत असायचे. चौथा आवाज आमच्या बायजाआत्याचा. ती पडवीत उभी राहून मला हाक मारायची तेव्हा कशेडी घाटात उतरणीला लागलेले ट्रकवाले ब्रेक दाबायचे, असं एका ड्रायव्हरनं मला स्वतः सांगितलं आहे. तो ड्रायव्हर आता हयात नाही, त्यामुळे विचारायला जाऊ नका.

बायजाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा येणार, शिमग्याला आणि गणपतीला. तरुणपणीच नवरा वारला म्हणून आत्या माहेरी परत आली ती घराची मालकीण होऊनच. आई तिच्यापुढं बोलत नसे. आई कुणापुढंच फारशी बोलत नसे. चुलीवर कुळथाची पिठी रटरटायची, निखाऱ्यावर सुकटीचा वास सुटायचा आणि नाचणीची भाकरी आईच्या हातात गोल गोल फिरत मोठी व्हायची. त्या घरात भाकरी थापल्याचा आवाज हेच आईचं बोलणं होतं. जोरात थापली तर समजायचं की आज ती रागावली आहे. मी सहा भाकऱ्या खायचे. सुजाता सात खायची.

सुजाता ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतली, माझ्याच वर्गातली आणि आमच्या संघाची कप्तान. तिच्याइतकी चपळ चढाई मी जन्मात पाहिली नाही. ती मध्यरेषा ओलांडून तिघींना हात लावून परत यायची आणि समोरच्या पोरी अजून ती यायची वाट बघत उभ्या असायच्या. मुलग्यांना मोठं मैदान हवं असायचं, क्रिकेटसाठी. आम्हाला आमच्या पडवीजवळचा वखारीकडचा एक कोपरा पुरायचा. तो कोपरा आमचा होता याला कारण होतं. दरवर्षी पावसाळा सरला की मैदानातून दगड उगवायचे. आमच्याकडे भाताच्या खालोखाल दगडांचंच पीक. मग दिवाळीनंतर एका दिवशी घराघरातून एकेक बाई घमेलं आणि चोपणं घेऊन बाहेर पडायची. चोपणं म्हणजे अंगण धोपटून सारखं करायची लाकडी फळी. दगड वेचायचे, खड्ड्यांत माती भरायची, ओढ्याचं पाणी मारायचं, धोपटायचं आणि शेणानं सारवायचं. अंगण करावं तसं मैदान करायचं. पन्नास चोपणी एकदम पडायला लागली की हिरकणीवाडीच्या माणसांना वाटायचं, गडावर पुन्हा तोफा डागल्या. गावातल्या पुरुषांना मात्र वर्षानुवर्षं वाटत आलं की मैदान आपोआप सपाट होतं, जशी भाकरी आपोआप भाजते.

पण अंगण झालं तरी खाली मुरूमच. एक पकड झाली की गुडघ्याची साल निघायची. शाळेतल्या बाईंनी एकदा सांगितलं की मोठ्या शहरांत खेळाच्या मैदानाला वारुळाची माती घालतात. लोण्यासारखी मऊ आणि घट्टही बसते. बाई हे सहज म्हणाल्या असतील. मी ते देवाची आज्ञा समजून ऐकलं. वखारीच्या मागं, करवंदीच्या जाळीत एक वारूळ मला ठाऊक होतं. वैशाखातल्या एका दुपारी गाव झोपलेलं असताना आम्ही अकरा जणी कुदळ आणि घमेली घेऊन तिथं गेलो. सुजातानं कुदळ उचलली आणि थांबली.

"हे पूजेचं तर नाय ना गो?" तिनं विचारलं.

"छे," मी म्हटलं. "पूजेचं केवढं मोठं असतं."

आता हसू येतं. आमच्या अकरा जणींत नऊ जणी दर नागपंचमीला आईचा पदर धरून त्याच वारुळाकडे जात आलो होतो. पण तेव्हा आम्ही कमरेएवढ्या होतो, वारुळाभोवती बायकांची गर्दी, वर फुलांचा ढीग, आणि आमचं लक्ष लाह्यांवर. पावसाळ्यातलं ते हिरवंगार, भलंमोठं वारूळ आणि वैशाखातला हा वाळका मातीचा ढिगारा एकच असेल हे आम्हाला सुचलं नाही. जिच्या घरी नागोबाची पूजा होत नव्हती त्या मुलीनं तेवढं विचारलं, आणि जिच्या घरी होत होती तिनं छातीठोक खोटं उत्तर दिलं. त्या वारुळातून साडेतीन नाग निघाले असं मी पुढं पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणजे एक सरडा निघाला आणि तोही घाईत होता.

माती मात्र बाई म्हणाल्या तशीच निघाली. चाळून घातली, पाणी मारलं, चार दिवस धोपटली. त्या कोपऱ्यावर पाऊल टाकलं की पायाला कुणी तरी प्रेमानं धरल्यासारखं वाटायचं. पडलं तरी खरचटायचं नाही. आम्ही तोंडानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत होतो पण मनात दुसरंच चाललं होतं: पुढच्या हिवाळ्यात तालुक्याच्या सामन्यांना आमचा संघ उतरणार. सुजातानं तसं शाळेच्या भिंतीवर कोळशानं लिहूनही टाकलं होतं.

आषाढात आत्या गवताचा भारा आणायला वखारीमागं गेली आणि भाऱ्याऐवजी मातीचं एक ढेकूळ घेऊन परत आली. ते तिनं पडवीत माझ्यासमोर ठेवलं आणि बसून राहिली. हायवेचे ट्रकसुद्धा हळू झाल्यासारखे वाटले. मी म्हटलं, डुकरांनी उकरलं असेल. आत्यानं विचारलं, "डुकरं घमेली घेऊन आलेली काय?" मग मी सगळं सांगितलं. तिनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की आजपासून मागच्या पायरीखाली पाय टाकायचा नाही. संध्याकाळपर्यंत अकराही घरांत तीच शिक्षा झाली, सुजाताच्या घरीसुद्धा. तिची आई कमळामावशी म्हणाली म्हणे, दुसऱ्याचा देव आपला नसला तरी त्याचं घर फोडायचं नसतं. त्या दिवसापासून मी पडवीत बसून तांदूळ निवडायला लागले. तांदळात एवढे खडे असतात हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

मैदान रिकामं पडलं. मुलगे लावणीला शेतात, मुली घरात. पंधरा दिवसांत गवत गुडघ्याला लागलं, महिन्यात कमरेला. त्यात एक म्हैस हरवली आणि तिसऱ्या दिवशी व्यायलेली सापडली, इतकं. आणि रिकाम्या मैदानाकडे वखारीच्या दारातून रोज कुणी तरी पाहत होतं.

तात्या वखारवाले माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर भांडण सोपं झालं असतं. होळीला लाकूड द्यायचे, कुणी गेलं तर न विचारता सरणाचं पाठवून द्यायचे. पण त्यांच्या वखारीला येणारे ट्रक हायवेवर आडवे उभे राहायचे, शिव्या खायचे, आणि तात्यांना ट्रक उभे करायला जागा हवी होती. त्यांनी अर्ज केला. तो कळला मला, कारण दळण आणायला मी चावडीवरून जायचे आणि तिथं चिकटवलेला प्रत्येक कागद वाचायची मला खोड होती. कागदावर लिहिलं होतं की सदर जागा खेळाचे मैदान म्हणून दाखल असली तरी प्रत्यक्षात कोणीही खेळत नसून पडीक आहे. सबब अमुक दिवशी महसूल खात्याचे सर्कल जागेवर येऊन पंचनामा करतील. दिवस पाहिला तर नागपंचमी. तात्यांचा हिशेब मला तिथंच उमगला. त्या दिवशी पुरुष माणूस गावात असला तर घोंगडी पांघरून झोपलेला असणार आणि बायका सगळ्या वखारीमागच्या वारुळाशी. मैदानात चिटपाखरू नसणार. एकच गोष्ट तात्यांना माहीत नव्हती, की वारूळ जागेवर नाही. पुरुषांना पूजेचं वारूळ कुठं असतं ते ठाऊक नसतं, पातोळ्या कुठं मिळतात तेवढं ठाऊक असतं.

दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मी घरी आले ती थेट आत्यापुढं. आत्या मिसरी लावत होती. मी कागद शब्दन् शब्द म्हणून दाखवला. तिनं चूळ भरली आणि म्हणाली, "तुज्यापायी नागोबाचं घर गेलं. आता तुजं जातंय तर रडतंस?"

"रडत नाय," मी म्हटलं, आणि खरंच रडत नव्हते. "सांगतंय. माती फेकली नाय आत्ये. चाळून, धोपटून बसवलीय. मूठभर पन बाहेर गेली नाय. सगळी तितंच हाय."

चुलीपुढं आईचा हात थांबला. थापत असलेली भाकरी तिच्या तळहातावर तशीच राहिली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं. मग भाकरी पुन्हा फिरायला लागली. मी त्या रात्री चार वेळा कूस बदलली असेल, पण उत्तर मिळालं ते सकाळी. उठून पाहते तर आत्या परकरी पोरीसारखा काष्टा मारून, कोयता घेऊन, कमरेएवढ्या गवतात उभी. मला बघून म्हणाली की नुसती बघतंस काय, पंचमीला चार दिवस उरलेत. जे कापायचं ते आधी कापायचं, त्या दिवशी गवताची काडी मोडायची नाही.

आमच्याकडे नागपंचमीला जमिनीत काही खुपसत नाहीत, नांगरत नाहीत, खणत नाहीत, विळी वापरत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. जमिनीखाली नाग असतो, त्याला लागेल म्हणून. त्यामुळे चार दिवसांत सगळं उरकायचं होतं. पहिल्या दिवशी आत्या आणि मी. दुसऱ्या दिवशी आई आली. तिसऱ्या दिवशी वीस बायका. आत्या दारोदार फिरून एकच वाक्य सांगत होती: वारूळ हललंय, मोडलं नाय, जिथं माती तिथं पूजा. कुणी कुरकुर केली तर आत्या आवाज थोडा चढवायची आणि कुरकुर कशेडीपलीकडे निघून जायची. चौथ्या दिवशी ती ओढा ओलांडून कमळामावशीकडे गेली. मी सोबत होते. मावशी दारातच उभी राहून म्हणाली, "पूजेला आमी येत नाय, बायजाबाय. तुमाला ठाव हाय." आत्या म्हणाली, ठाव आहे, पूजा आम्ही सकाळीच आटपतो. मावशीनं थोडा विचार केला. "मंग खेळाला येऊ," ती म्हणाली. "धाला. धा जनी येऊ." दोघींनी त्यावर चहा घेतला, काळा, गुळाचा.

हे लिहिताना थांबले होते, कारण मैदानावरून फोन आला. वय झालं तरी मला अजून तिथूनच फोन येतात. मधे मोठा पूर येऊन गेला तेव्हा बाजारातला गाळ टाकायला डंपर मैदानाच्या तोंडाशी आले होते. मी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. ड्रायव्हर म्हणाला, आजी, बाजूला व्हा. मी म्हटलं, पोरा, माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, तुला वाटत असेल तर उचलून ठेव. चार तास बसले. लोक म्हणतात दीड तास. गाळ शेवटी दुसरीकडे गेला. हायवे रुंद झाला तेव्हा मात्र एक पट्टा गेला तो गेलाच, तिथं खुर्ची पुरली नाही. सगळंच वाचतं असं सांगणारी माणसं माझ्यापेक्षाही खोटारडी असतात.

तर पंचमीचा दिवस. पहाटेपासून घरात हळदीच्या पानांचा वास. तवा नाही, म्हणून पातोळ्या. तांदळाचं पीठ पानावर थापून, आत गूळखोबरं, मोदकपात्रात वाफवलेल्या. त्या दिवशी आईनं दीडशे केल्या आणि मला एकही दिली नाही, खेळून झाल्यावर म्हणाली. खेळून झाल्यावर! हा शब्द मी महिन्याभरानं ऐकत होते. पाऊस सकाळीच उघडला. आत्यानं आमच्या कोपऱ्याच्या मधोमध लाह्या आणि दुधाची वाटी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, बायकांनी हात जोडले. मी नाक घासून माफी मागितली. मग प्रश्न आला रेषांचा. एरवी आम्ही रेषा कोयत्याच्या टोकानं ओढायचो. आज जमिनीवर ओरखडा चालणार नव्हता. आईनं रांगोळीचा डबा आणला. मध्यरेषा, कडेच्या रेषा, सगळ्या रांगोळीच्या, एकसारख्या, वाकड्या नाहीत की तुटक नाहीत. पांढऱ्या रांगोळीनं आखलेलं असं कबड्डीचं मैदान त्याआधी पृथ्वीवर झालं नव्हतं, आणि कोपऱ्यात आईनं सवयीनं एक छोटं कमळही काढलं होतं.

दहाच्या सुमाराला सर्कल आले, मागं तात्या छत्री घेऊन, आणि त्यांच्या मागं हद्दीचे खुंट मारायला पहार घेतलेला माणूस. समोर साठ बायका. तात्या छत्री मिटायला विसरले. सर्कल मात्र शांत, चष्म्याचे, काखेत कागदांची पिशवी. त्यांनी पहारवाल्याला खूण केली. त्यानं पहार उचलली आणि आत्या त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आज नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून सगळे घाबरले. "आज जमिनीत काय खुपसायचं नाय. तुजी आई हाय का रे घरी? तिला जाऊन इचार."

त्यानं पहार अशी अलगद खाली ठेवली जणू ती झोपलेली होती. सर्कल म्हणाले, ठीक आहे, खुंट राहू दे, पाहणी तर करू. तात्या पुढं आले आणि फार समजुतीनं म्हणाले की साहेब, ही पूजा आहे, वर्षातून एक दिवस. देवाला आमचा विरोध नाही, पण खेळ कुठं आहे? तेव्हा बायकांनी फेर धरला, फुगड्या झाल्या. तात्या म्हणाले, हाही पूजेचाच भाग. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. सर्कलनी लिहायला कागद काढला. तेवढ्यात ओढ्याकडून कमळामावशी आणि तिच्या बायका आल्या, साड्यांचे काष्टे घरूनच मारून. मावशीनं सर्कलकडे पाहिलंसुद्धा नाही. "पूजा झाली काय?" तिनं आत्याला विचारलं. "मंग उभ्या का हाव? लेकी तिकडं, आया इकडं."

सात लेकी आणि सात आया. आमच्या बाजूला सुजाता कप्तान. तिकडे कमळामावशी, आणखी पाच जणी, आणि सातवीची जागा रिकामी. आत्याचं वय नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघत असताना आई पुढं गेली आणि अगदी कोपऱ्यात, मागं, उभी राहिली. आत्या म्हणाली, "वयनी, तुला काय येतंय?" आईनं पदर कमरेला खोचला.

सुजाता दोन चढायांत दोन आया मारून आली. मग मावशीनं स्वतः चढाई करून आमच्या एकीला मारलं. साठ बायका, त्यात म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या ओरडत होत्या. गिरणी बंद पडली ती त्यामुळेच. मग माझी पाळी. महिन्याभरानं मी त्या मातीवर पाय टाकून पुढं गेले. कबड्डी, कबड्डी. डावीकडे हूल दिली, उजवीकडे एकीला शिवले आणि वळले. आईच्या कोपऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं. तिच्याकडे कोण पाहतं? वळले तेव्हा घोट्याला सांडशीनं धरावं तसं काही तरी बसलं. मी तोंडावर आपटले. पाहिलं तर आई, जमिनीला समांतर, दोन्ही हातांत माझा घोटा. ही पकड शिकायला पोरींना तीन वर्षं लागतात. नाते गावात, तिच्या माहेरी, ती लग्नाआधी काय काय करायची हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मी आईला, मागच्या पाच आयांना आणि निम्म्या मैदानाला ओढत मध्यरेषेकडे सरकले, हात लांब केला. बोटं रांगोळीला लागली.

"शिवली!" लेकी ओरडल्या. "दम गेला होता!" आया ओरडल्या. एकच कालवा. आणि त्या कालव्यात एक पुरुषी आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"थांबा! कुणी हलायचं नाही."

सर्कल होते. कागदांची पिशवी तात्यांच्या हातात कोंबून ते थेट रेषेपाशी येऊन उकिडवे बसले होते. चपला काढून. आमच्या मुलखात कबड्डी खेळलेला नाही असा पुरुष शोधून सापडायचा नाही, आणि खेळलेल्या माणसासमोर चुकीचा निकाल लागत असेल तर त्याला शेण खाल्ल्यासारखं होतं. त्यांनी फिसकटलेली रांगोळी पाहिली, माझी पांढरी बोटं पाहिली, चष्मा पुसला.

"साहेब," तात्या मागून म्हणाले, "पंचनाम्याचं..."

"तात्या, जरा दम धरा," सर्कल मान न वळवता म्हणाले. "खेळ चालू आहे."

बोलले, आणि स्वतःच ऐकलं. मग उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि निकाल दिला: दम आधी तुटला, हात नंतर लागला, मुलगी बाद. मी बाद झाले याचं मला इतकं सुख पुन्हा कधी झालं नाही. आम्ही तो सामना हरलो, चांगल्या नऊ गुणांनी. दोन गुण मी इथं कमी केलेत.

सामना संपल्यावर सर्कलनी कागद मांडीवर घेऊन लिहिलं. सदर जागी समक्ष खेळ चालू असल्याचे आढळले. तात्यांनी ते वाचून मान हलवली. हरलेला माणूस हलवतो तशी नाही, बायकोनं हिशेबात पकडलेला माणूस हलवतो तशी. एक पातोळी घेतली आणि छत्री उघडून गेले. सर्कलना मात्र पंचांच्या सह्या हव्या होत्या आणि त्याआधी एक रकाना भरायचा राहिला होता. त्यांनी समोर बसलेल्या, अजून धापा टाकणाऱ्या माझ्या आईला विचारलं, हा खेळ इथं कधी कधी चालतो?

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं आत्याकडे पाहिलं, आणि आत्याकडे बघतच बोलली.

"रोज," ती म्हणाली.

सर्कलनी कडेला रचलेल्या ताज्या गवताच्या भाऱ्यांकडे नजर टाकली. माणूस खुळा नव्हता. "रोज?"

"लिवा तुमी. उद्या पन हाय. परवा पन हाय." आईनं केसांतली माती झाडली. "बाद झालीय पोरगी. तिला परतफेड करू द्याल का नाय?"

सर्कलनी लिहिलं. आता पंच म्हणून अंगठा द्यायची पाळी आत्याची होती, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर त्या कागदावरचा रोज हा शब्द खोटा पडला असता. आत्यानं कागद हातात घेतला, उलटा धरून नीट न्याहाळला, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि उठवला. मग लुगड्याला अंगठा पुसत मला म्हणाली, "उद्या दम नीट धर गो."